खिडकीचं बारसं

आमच्या स्वयंपाकघरातल्या फळीवर स्टीलचे अकरा डबे ओळीनं बसलेले आहेत. एकाच घाटाचे, एकाच उंचीचे. प्रत्येकावर नाव घातलेलं आहे, पण ते आतल्या जिनसाचं नाही. एकावर 'मोठ्या मामांकडून सप्रेम भेट', दुसऱ्यावर आजोबांचं नाव आणि खाली १९७८, तिसऱ्यावर आईच्या भिशी मंडळाचं नाव. डबा कुणी दिला, कुणाला दिला, कोणत्या साली दिला, सगळी कुंडली ठोकून ठेवलेली. आत रवा आहे की साबुदाणा, याबद्दल अवाक्षर नाही. भांड्यांच्या दुकानातला माणूस हातात ते टरटरणारं यंत्र घेऊन 'काय नाव घालू?' असं विचारतो, तेव्हा त्याला मालकाचं नाव हवं असतं. 'रवा घाला' असं सांगणारं गिऱ्हाईक त्याच्या हयातीत आलं नसावं.

मी कॉम्प्युटरवर पोट भरणारा माणूस आहे. माझ्या फळीवर आठ डबे असतात, म्हणजे आठ टर्मिनल. काळ्या खिडक्या. प्रत्येकीत व्हिम नावाचा एडिटर उघडलेला आणि प्रत्येक व्हिममध्ये एक फाइल. खिडकीच्या माथ्यावर एक पट्टी असते, पट्टीवर नाव असतं. माझ्या आठही पट्ट्यांवर एकच नाव होतं, ते म्हणजे माझं. त्यापुढे ॲटची खूण, मग यंत्राचं नाव, मग विसर्गासारखी दोन टिंबं आणि शेवटी एक लाटेसारखी वळवळ. सगळ्याचा अर्थ असा, की ही खिडकी अमुक यांची, अमुक यंत्रावरची, आणि मालक सध्या घरीच आहेत. युनिक्सच्या भाषेत ती लाट म्हणजे घर.

लाटेला घर का म्हणायचं? तर सत्तरच्या दशकात एडीएम-३ए नावाचं एक टर्मिनल होतं, त्याच्यावर 'होम' आणि ही लाट एकाच बटणावर शेजारी नांदत होती. त्याच टर्मिनलसमोर बसून बर्कलीच्या बिल जॉयनं १९७६ च्या सुमारास व्हीआय हा, आमच्या व्हिमचा पूर्वज असलेला एडिटर लिहिला. त्या कीबोर्डवर एच, जे, के, एल या चार अक्षरांवर बाण छापलेले होते. म्हणून आज समोर बाणांची चार स्वतंत्र बटणं असताना आम्ही मंडळी कर्सर हलवायला एच-जे-के-एल याच बटणांवर बोटं झिजवतो. ते टर्मिनल मी जन्मात पाहिलेलं नाही. पण कुळाचार म्हटला की कारण विचारायचं नसतं.

तर सांगत होतो, आठ खिडक्या आणि आठांवर माझंच नाव. सतरा वर्षं मला यात काही वावगं वाटलं नव्हतं. कोणती फाइल कुठे आहे हे मी खिडकीच्या जागेवरून ओळखायचो. वर डावीकडे हिशोब, खाली उजवीकडे भानगड. कधी चुकून तीच फाइल दुसऱ्या खिडकीत उघडली, की व्हिम सोसायटीच्या वॉचमनसारखा आडवा यायचा. ई-३२५, सावधान, या फाइलची स्वॅप फाइल सापडली आहे. मालक अमुक, तारीख तमुक, तुम्ही आधीच कुठेतरी आत बसलेले दिसता. मग तो पर्याय द्यायचा, नुसतं वाचायचं, तरीही लिहायचं, जुनं वाचवायचं, की निघायचं. वॉचमनच्या वहीत आपण जसं न वाचता सही ठोकतो, तसं मी 'तरीही लिहायचं' दाबून आत घुसायचो.

गेल्या पावसाळ्यात एका रात्री अकरा वाजता माझ्यासमोर दोन खिडक्या होत्या. दोन्हीत एकाच नावाची सेटिंगची फाइल होती. एक चाचणीच्या फोल्डरमधली, दुसरी खऱ्या वेबसाइटची. सहकाऱ्याला कळावं म्हणून मी चाचणीच्या फाइलमध्ये, वेबसाइटच्या वरच्या पट्टीसाठी एक ओळ टाकली, 'हे दिसत असेल तर उद्याचा चहा तुझ्याकडे लागू.' सेव्ह केलं आणि शांत झोपलो.

ती चाचणीची फाइल नव्हती, हे वेगळं सांगायला नकोच. रात्रभर आणि सकाळी ऑफिस भरेपर्यंत ती ओळ येणाऱ्या प्रत्येक ग्राहकाच्या डोळ्यांसमोर होती. तक्रारी तीन आल्या. चौथ्या माणसानं चहा कुठे आणून द्यायचा, एवढंच विचारलं होतं.

साहेबांनी बोलावून घेतलं. म्हणाले, "अहो, खिडकीवरचं नाव वाचता येत नाही का तुम्हाला?"

मी म्हणालो, "येतं ना साहेब. माझंच आहे."

जागेवर परत आलो तर शेजारची मुलगी, जिला नोकरीला लागून जेमतेम आठ महिने झाले होते, माझ्या पडद्याकडे बघून म्हणाली, "सर, तुम्ही सेट टायटल केलेलं नाहीये?" 'गॅस बंद केलेला नाहीये?' हे ज्या सुरात विचारतात, त्याच सुरात.

कोलन, सेट, टायटल, एंटर. खिडकीच्या माथ्यावरचं माझं नाव गेलं आणि फाइलचं नाव आलं. एवढंच. सतरा वर्षं ज्या घरात राहिलो त्याला माळा आहे, हे नव्या भाडेकरूनं येऊन सांगावं, तसं झालं. हा पर्याय बऱ्याच ठिकाणी मुळात बंद असतो, आपण चालू करायचा असतो. एक ओळ व्हिमआरसी नावाच्या फाइलमध्ये लिहून ठेवली की जन्माचं काम झालं. लागलेला वेळ वीस सेकंद.

शहाणा माणूस इथे थांबला असता. पण तो शुक्रवार होता आणि पुढे शनिवार-रविवार मोकळे होते.

शनिवारी सकाळी मी आधी हे बघायला बसलो, की नाव बदलतं तरी कसं, आणि थेट बारशात जाऊन पोचलो. एडिटर टर्मिनलकडे जे पाठवतो ते एरवी पडद्यावर उमटतं. पण मध्येच एस्केपचं अक्षर आलं की टर्मिनल कान टवकारतं. आता येईल ते छापायचं नाही, ऐकायचं. पाठोपाठ बंद होणारा चौकोनी कंस येतो, मग दोनचा आकडा, मग अर्धविराम, मग नाव. आणि शेवटी घंटा. आस्कीच्या तक्त्यात सात क्रमांकावर एक अक्षर आहे, त्याला आकार नाही, नुसता आवाज आहे. टेलिप्रिंटरच्या काळात ते अक्षर आलं की यंत्रातली खरीखुरी घंटा वाजायची. आता हे सगळं ओळीनं मांडून बघा. आत्या पाळण्यावर वाकली, बाळाच्या कानात 'कुर्रर्र' केलं, नाव सांगितलं, आणि जमलेल्या बायकांनी तिच्या पाठीत धपाटे घातले. एस्केप म्हणजे वाकणं, घंटा म्हणजे धपाटा. धपाटा बसला की समारंभ संपला, घुगऱ्या वाटायला मोकळे. घंटा द्यायची विसरली, तर काही टर्मिनल पुढचं सगळं बोलणं नावाचाच भाग समजून गिळत बसतात. धपाटा न बसलेली आत्या कानात किती वेळ बोलत राहील, याचा काही नेम आहे का?

मौज पुढे आहे. दोनच्या जागी एक लिहिलं, तर ते नाव खिडकी मिटून तिचं छोटं चिन्ह झाल्यावर वापरायचं. शून्य लिहिलं तर दोन्हीकडे एकच नाव. म्हणजे कागदोपत्री नाव वेगळं आणि घरातलं नाव वेगळं, याची सोयसुद्धा टर्मिनल बनवणाऱ्यांनी केलेली आहे. ही रीत रुळवणारं एक्सटर्म नावाचं टर्मिनल १९८४ सालचं. आमच्या घरात 'बंड्या'चं नाव शाळेत काय आहे हे विचारण्यासाठी बोर्डाचं प्रमाणपत्र काढावं लागतं. एक्सटर्मला नुसता आकडा बदलला की पुरतं.

नाव सांगायची रीत कळली, पण आधीचं माझं नाव तिथे घालत होतं कोण? शेल. टर्मिनलमध्ये आज्ञा ऐकून घेणारा हा प्रोग्राम प्रत्येक प्रॉम्प्ट छापताना गुपचूप तेच बारसं उरकत असतो. दुकानातल्या त्या टरटरणाऱ्या यंत्राचं बिऱ्हाड शेलच्या बॅशआरसी नावाच्या सेटिंगच्या फाइलमध्ये, एका ओळीत होतं. मी रागानं ती ओळच उडवून टाकली. ही घटना लक्षात ठेवा.

मग पट्टीवर नेमकं काय लिहायचं, हा प्रश्न आला. व्हिमला 'टायटलस्ट्रिंग' नावाचा पर्याय आहे. त्यात टक्क्याची खूण आणि टी लिहिलं तर नुसतं फाइलचं नाव, मोठं एफ लिहिलं तर मुळापासून शेंड्यापर्यंत पूर्ण पत्ता, एम लिहिलं तर फाइलला हात लागलाय का याची खूण. मी पूर्ण पत्ता लावला. जे काही व्हायचं ते राजरोस व्हावं, असा विचार. खाली टास्कबारमध्ये आठ खिडक्यांची आठ बटणं दाटीवाटीनं बसतात, तिथे प्रत्येकाच्या वाट्याला पहिली दहा-बारा अक्षरं येतात. आठही बटणांवर उमटलं, तिरकी रेघ, होम, तिरकी रेघ, माझं नाव, तीन टिंबं. शनिवारची दुपार खर्च करून मी होतो तिथे परत आलो होतो.

मग पत्ता उलटा केला. आधी फाइलचं नाव, मग फोल्डर. मग वाटलं यंत्राचं नावही हवं. मग वाटलं वेळही हवी. संध्याकाळी बायको चहा ठेवून गेली आणि जाताना पट्टी वाचून म्हणाली, "ही लग्नाची पत्रिका आहे का? आमचे येथे श्रीकृपेकरून एवढंच राहिलंय."

रविवारी सकाळी नवी अडचण. मी टीमक्स वापरतो. टीमक्स म्हणजे एका खिडकीच्या पोटात अनेक खिडक्या मांडून देणारा कारभारी. आता व्हिमनं सांगितलेलं नाव बाहेरच्या पट्टीपर्यंत पोचेना. एकत्र कुटुंबात धाकट्यानं निरोप थोरल्या काकूंकडे दिला आणि काकूंनी तो 'बघू' म्हणून पदराला बांधून ठेवला, तसं. टीमक्सला निरोप कळतो, तो नीट ऐकून मनाशी ठेवतो, पण बाहेर सांगायची मुभा त्याला मुळात दिलेली नसते. 'सेट-टायटल्स ऑन' असं स्पष्ट सांगावं लागतं. टीमक्सचा वडीलधारा स्क्रीन तर आणखी जुन्या वळणाचा. तो त्याच्या खिडक्यांसाठी एस्केपनंतर के हे अक्षर आलं तरच नाव समजतो. घर तेच, पण सासऱ्यांशी बोलायची भाषा वेगळी.

दरम्यान एका मित्राचा फोन आला. हा ईमॅक्सवाला आहे, म्हणजे व्हिमच्या प्रतिस्पर्धी एडिटरवाला, आणि हा मुद्दा तो संभाषणाच्या पहिल्या मिनिटात येऊ देतो. "आमच्याकडे फ्रेम-टायटल-फॉरमॅट पहिल्यापासून आहे," तो म्हणाला. मी विचारलं, "टर्मिनलमध्ये चालवल्यावरसुद्धा?" तो थोडा थांबला. ईमॅक्स जन्मला १९७६ मध्ये. स्वतंत्र खिडकीत तो नाव घालायचा, पण टर्मिनलच्या कानात नाव सांगायचा पर्याय त्याला मिळाला सत्ताविसाव्या आवृत्तीत, म्हणजे २०२० साली. "चव्वेचाळीस वर्षं आत्या पाळण्यापाशी नुसती उभीच होती की रे," मी म्हणालो. त्यानं विषय बदलला.

मग निघून जाण्याचा प्रश्न आला. व्हिम बंद केला की पट्टीवरचं जुनं नाव परत यायला हवं. पण ऑफिसातल्या एका म्हाताऱ्या यंत्रावर व्हिमला जुनं नाव परत मिळेना. असं झालं की तो पट्टीवर एक इंग्रजी वाक्य लिहून जातो, ज्याचा मतलब, 'व्हिमनं उड्डाण केल्याबद्दल आभारी आहोत.' मूळ लेखकाची थट्टा आहे ती. पण मी काम संपवून तास उलटला तरी ती खिडकी आभारच मानत होती. आपल्याकडे पाहुणे 'येतो हं' म्हणून चपला घालतात आणि मग दारात उभ्यानं पाऊण तास बोलतात, त्यातला प्रकार.

व्हिम टर्मिनललाच का विचारत नाही, की बाबा, तुझं आधीचं नाव काय? विचारायची सोय आहे; उत्तर मिळत नाही. कारण टर्मिनल उत्तर देतं ते कीबोर्डवरून कुणी टाइप केल्यासारखं. एखाद्या लबाडानं खिडकीला नाव म्हणून एखादी घातक आज्ञाच ठेवली आणि मग नाव विचारलं, तर ती आज्ञा तुमच्या हातानं टाइप झाल्यासारखी प्रॉम्प्टवर येऊन बसते. म्हणून शहाणी टर्मिनल नाव ठेवून घेतात, पण तोंडानं उच्चारत नाहीत. घ्यायचंच झालं तर बहुधा उखाण्यात घेत असतील. नव्या टर्मिनलांत यावर तोड निघाली आहे. जुनं नाव सांगायचं नाही, नुसतं आत जपून ठेवायचं आणि पाहुणा गेला की परत काढायचं.

हे मी आईला सांगितलं. ती डाळ निवडत होती. म्हणाली, "आमच्या वेळी तसंच होतं. लग्नात ह्यांनी तांदळात अंगठीनं नवं नाव लिहिलं, ते पट्टीवर लागलं. जुनं कुणी विचारलं नाही. माहेरी गेलं की मात्र आपोआप परत यायचं." टर्मिनलच्या या सोयीवर इतकं नेमकं भाष्य मी कोणत्याही माहितीपुस्तिकेत वाचलेलं नाही.

रविवारी संध्याकाळी एक चांगली गोष्टही घडली. घरच्या वाणसामानाची माझी एक फाइल आहे, नाव 'किराणा'. टर्मिनलच्या आत मराठीची दैना असते. बहुतेक टर्मिनल प्रत्येक अक्षराला एकेक ठरावीक चौकट देतात, मग वेलांट्या भलत्याच्या डोक्यावर जातात आणि जोडाक्षरं काडीमोड घेतात. 'किराणा' हा शब्द मी इतकी वर्षं हाडं मोडलेल्या अवस्थेत पाहत आलो होतो. पण माथ्यावरची पट्टी टर्मिनल रंगवत नाही, ती डेस्कटॉप रंगवतो, आणि त्याला लिपीची रीत ठाऊक असते. पट्टीवर पहिल्यांदा 'किराणा' असं सुबक, वेलांटी जागच्या जागी असलेलं नाव आलं. बायकोला हाक मारून दाखवलं. ती म्हणाली, "छान. आता आणतोस का तो?"

किराणा आणून परत बसलो. रात्रीपर्यंत माझी टायटलस्ट्रिंग कसून तयार झाली होती. आधी फाइलचं नाव, फाइल बदलली असेल तर अधिकची खूण, मग कंसात फोल्डर, मग डॅश, मग व्हिम. अगदी समाधान झालं. सहज म्हणून माझी ओळ काढून टाकली आणि काहीच न सांगता व्हिम स्वतःहून काय लिहितो ते पाहिलं. फाइलचं नाव, अधिकची खूण, कंसात फोल्डर, डॅश, व्हिम. शिवाय जागा कमी पडली तर तो पत्त्याची सुरुवात कापतो आणि शेवट राखतो, हे तर मला सुचलंही नव्हतं. ब्राम मोलेनार या डच माणसानं १९९१ मध्ये अमिगा कॉम्प्युटरसाठी व्हिम लोकांना दिला आणि २०२३ च्या ऑगस्टमध्ये जाईपर्यंत त्याची देखभाल केली. त्यानं मोबदला मागितला नाही. जमलं तर युगांडातल्या गरीब मुलांना मदत करा, एवढं एडिटरच्या पहिल्या पडद्यावर लिहून ठेवलं. तिथल्या किबाले गावी तो स्वतः जाऊन काम करून आला होता. त्या माणसानं माझा शनिवार-रविवार आधीच वाचवून ठेवला होता. मीच तो उघडून खर्च केला.

हात शिवशिवत होते, तेव्हा त्याच रात्री प्रिंटर काढून डब्यांसाठी अकरा लेबलं छापली. रवा, साबुदाणा, पोहे, शेंगदाणे. ओळीनं चिकटवली. आई बघत होती. म्हणाली, "नावं ठेवायला तुझा हात कुणी धरायचा नाही." यातला अनुस्वार तिनं मुद्दाम उच्चारला.

पंधरा दिवसांनी एकादशी आली. आई म्हणाली, साबुदाण्याचा डबा काढ. मी वाचून काढला. तिनं झाकण न उघडता डबा कानाशी नेऊन हलवला. "ही वरई आहे."

"अगं, वर साबुदाणा लिहिलंय."

"साबुदाणा गुरुवारी संपला. डबा रिकामा होता, वरई आली होती, घातली. वाचतोस काय, हलवून बघ. साबुदाणा असा वाजत नाही."

दुसऱ्या दिवशी ऑफिसात दूरच्या यंत्राशी जोडणी मध्येच तुटली. खिडकी मुकाट्यानं माझ्या स्वतःच्या यंत्रावर परत आली, पण पट्टीवर तिकडच्या फाइलचं नाव तसंच राहिलं. ते खोडून माझं नाव घालणारी शेलमधली ओळ मी त्या शनिवारी रागानं उडवली होती, हे तुमच्या लक्षात असेल. माझ्या मात्र नव्हतं. मी त्या पट्टीवर विश्वास टाकून त्याच नावाची फाइल उघडली, दोन ओळी बदलल्या, आणि सेव्ह करायला कोलन दाबणार, एवढ्यात आईचा डबा कानाशी वाजला.

व्हिममध्ये कंट्रोल दाबून जी दाबलं की खालच्या ओळीत एडिटर स्वतः सांगतो, ही अमुक फाइल, एवढ्या ओळी, बदललेली आहे. आधी एकचा आकडा दाबला तर पूर्ण पत्ताही देतो. ही सोय जुन्या व्हीआयपासून चालत आलेली आहे. खिडकीला पट्टी नव्हती तेव्हाची.

डबा हलवला. वरई होती. झाकण लावून ठेवलं, तिकडच्या यंत्रावर पुन्हा गेलो, योग्य डबा उघडला, तोही एकदा हलवून पाहिला, आणि मग सेव्ह केलं.